घरूनच काम होणार असेल, तर नव्या घराच्या विजेचे नियोजन कसे करावे

घर आणि कार्यालय एकाच छताखाली आले की विजेच्या वापराचा मोठा भाग दिवसा होऊ लागतो, आणि दिवसाची वीज गच्चीवरच तयार होऊ शकते. मात्र त्यासाठीचे निर्णय नकाशा कागदावर असतानाच घ्यावेत, कारण गिलावा झाल्यावर भिंती फोडणे महागात पडते.

१. सध्याच्या घराच्या बारा महिन्यांच्या बिलांतील युनिट एकत्र मांडावेत. मे आणि जानेवारी यांतील तफावत बहुतांशी पंखे, कूलर व एसी यांची असते.

२. कामाची खोली शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवावी. पश्चिमेच्या खिडकीला नुसता छज्जा पुरत नाही, कारण मावळतीचे ऊन तिरपे आत शिरते. तिथे बाहेरच्या बाजूने उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावावी. गच्ची कमी तापावी म्हणून तिच्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचा (सिरॅमिक फरशीच्या तुकड्यांचा) थर द्यावा.

३. साधा पंखा सुमारे ७५ वॉट, तर बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा सुमारे ३० वॉट वीज घेतो. असे चार पंखे रोज दहा तास फिरले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. ही बचत आधी करावी आणि सौर यंत्रणेची क्षमता मग ठरवावी. विक्रेते नेमका उलटा क्रम सुचवतात.

४. सौर पॅनेलच्या एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. घराच्या छतावरील सौर यंत्रणेसाठी केंद्र सरकारच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. खरी अडचण पाण्याच्या टाकीची येते. वास्तुशास्त्राप्रमाणे ती नैऋत्येला बांधली जाते आणि दुपारनंतर तिची सावली नेमकी पॅनेलवर पडते. एका पॅनेलवरील सावलीनेही संपूर्ण रांगेची निर्मिती घटू शकते. म्हणून टाकी उत्तरेकडे घ्यावी, अन्यथा पॅनेल तिच्या दक्षिणेला बसवावेत. गच्चीपासून मीटरपर्यंत वायरिंगचा पाइप स्लॅबच्या वेळीच टाकून घ्यावा.

५. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, सौर यंत्रणा वीज गेल्यावर भर उन्हातही बंद पडते, कारण लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धोका होऊ नये अशी तिची रचनाच असते. घरून काम करणाऱ्याने वायफाय राउटर, लॅपटॉप, एक दिवा आणि एक पंखा यांचे सर्किट वेगळे काढून ते लहान इन्व्हर्टरला जोडावे.