सरकारी रोजगार सेवा आणि खासगी एजन्सी यांची मोट बांधताना या चुका टाळा

रोजगार मेळाव्यात मी टेबलाच्या पलीकडे बसते, कंपनीच्या बॅनरखाली. पीथमपूरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात एचआर सांभाळते, राहते इंदूरला रामबागेत. गेल्या मेळाव्यात इंदूरच्याच बाणगंगा भागातला एक आयटीआय फिटर समोर येऊन म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळीही तुम्हीच लेटर दिलं होतं." आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्याने तीन ऑफर लेटरं काढली. एक आमचं, दोन वेगवेगळ्या एजन्सींची. एक नोकरी चाकणला होती, दुसरी विक्रीची निघाली. आमच्याकडे दुसरी पाळी मध्यरात्री सुटते आणि बस राजेंद्रनगरला सोडते. तिथून त्या वेळी बाणगंगेला जायचं कसं? मुलगा घरीच बसला, पण कागदोपत्री त्याला तीन नोकऱ्या लागल्या होत्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, ऑफर लेटर मोजणं. सरकारने खासगी एजन्सीला काम द्यायला माझी हरकत नाही. कारखान्यांच्या दारात त्यांची माणसं रोज उभी असतात, रोजगार कार्यालयाचा बाबू तिथवर पोचत नाही. पण पैसे लेटरमागे दिले, तर लेटरंच छापली जाणार. मेळाव्याचा आकडा फुगलेला आणि कारखान्याची गेटपास वही रिकामी दिसली, तर दोष इथेच शोधा. उपाय अवघड नाही. रुजू झाल्यावर थोडी रक्कम द्या, बाकीची तीन आणि सहा महिन्यांनी. पुरावा म्हणून पीएफची नोंद बघा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागतोच, त्यामुळे कुणाच्या सहीवर विसंबायची गरज नाही.

पण नुसत्या 'निकालावर पैसे' या तत्त्वालाही भुलू नका. ब्रिटनने २०११ साली वर्क प्रोग्रॅम ही बेकारांना नोकरी लावायची योजना सुरू केली, त्यात एजन्सींना मुख्य मोबदला माणूस नोकरीत टिकल्यावरच मिळायचा. अवघड उमेदवारांसाठी दरही जास्त ठेवले होते. तरीही ज्यांना नोकरी सहज लागेल त्यांच्यामागे धावायचं आणि आजारी, वयस्क, दीर्घकाळ बेकार असलेल्यांना नुसतं यादीत ठेवायचं, ही तक्रार शेवटपर्यंत राहिली. माझ्या मते निवड एजन्सीच्या हाती देऊच नये. उमेदवार कार्यालयाने वाटून द्यावेत, पत्ते पिसून वाटतात तसे.

दुसरी चूक, फी कोण देणार हे मोघम ठेवणं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार स्पष्ट सांगतो की काही अपवाद सोडले तर एजन्सीने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा आडवळणाने काहीही घ्यायचं नाही. भारताने तो स्वीकारलेला नाही. सरकारी रोजगार सेवा मोफत हवी, हे सांगणारा १९४८ चा ८८ क्रमांकाचा करार मात्र आपण १९५९ मध्येच मान्य केला. परदेशी नोकरीसाठी एजंटाच्या फीला तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. देशातल्या देशात नोकरी लावणाऱ्यांसाठी असा एक केंद्रीय कायदा नाही, म्हणून सगळं एजन्सीबरोबरच्या करारातच लिहावं लागतं. आणि 'फी घेणार नाही' एवढं लिहून भागत नाही. फाइल चार्ज, ट्रेनिंग किट, गणवेशाचं डिपॉझिट, 'मेडिकल'चे पैसे, हे सगळं नाव घेऊन लिहा. तपासणीसाठी रुजू झाल्यावर आठवड्याभरात मुलाला फोन करा. पण "पैसे दिले का?" असं विचारू नका, तो घाबरून नाही म्हणतो. "किती लागले?" असं विचारा. उत्तर लगेच येतं.

इंदूरकरांना नडणारी गोष्ट म्हणजे जिल्ह्याची हद्द. पीथमपूर धार जिल्ह्यात आणि काम शोधणारे इंदूरमध्ये. जागा एका कार्यालयाच्या वहीत, उमेदवार दुसऱ्याच्या. रोजगार कार्यालयांचा रोजचा कारभार १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्यांकडे आला. (योगायोग असा की इंदूर मध्य प्रदेशात आलं तेही त्याच दिवशी.) राज्याच्या आत जिल्ह्याजिल्ह्यांची कुंपणं मात्र आपणच घातली. २०१५ पासून केंद्राचं राष्ट्रीय करिअर सेवा हे नोकऱ्यांचं पोर्टल आहे, त्यावर हद्दीचा प्रश्न नाही. तरी एजन्सीला उद्दिष्ट जिल्हावार दिलं, तर ती पंचवीस किलोमीटरवरची फिटरची जागा सोडून गावातलीच काउंटरची नोकरी दाखवते. उद्दिष्ट माणसं जिथे रोज ये-जा करतात त्या पट्ट्यावर द्या. जागेबरोबर पाळीची वेळ आणि बसचा थांबा लिहिणं सक्तीचं करा. मेळाव्यानंतर आम्ही तेवढंच केलं, आणि न येणाऱ्यांची यादी लगेच आखडली.

एकच जागा तीनदा दिसणं हा आणखी एक जुना घोळ. मूळ कंपनीला चाळीस हेल्पर हवे असतात, लेबर ठेकेदार तीन एजन्सींना सांगतो, पोर्टलवर एकशेवीस दिसतात. मूळ कंपनीचं नाव आणि एकच जागा-क्रमांक असल्याशिवाय नोंद घेऊ नका. हुद्दाही राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ या कामांच्या सरकारी यादीतल्या कोडनेच लिहा, नाहीतर 'फिटर' म्हणून बोलावतात आणि हातात झाडू देतात. डिलिव्हरीची कामं वेगळ्या रकान्यात हवीत. स्विगी, अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांची कामं पोर्टलवर यावीत म्हणून केंद्राने त्यांच्याशी करार केलेत, त्यात गैर काही नाही, पण दुचाकी स्वतःची आणि पेट्रोलही स्वतःचं असलेलं काम पगारी नोकऱ्यांतच मोजलं, की कोणता आकडा कशाचा हेच कळेनासं होतं.

शेवटची गोष्ट करार करतानाच बघावी लागते, नंतर हात चोळत बसावं लागतं. मध्य प्रदेशाने काही वर्षांपूर्वी पंधरा जिल्ह्यांतली रोजगार कार्यालयं खासगी भागीदारीत चालवायला दिली होती. असं करताना कंपन्यांची यादी, एचआरचे नंबर, कोणता कारखाना कधी भरती करतो ही माहिती कुणाच्या मालकीची, ते आधी ठरवा. करार संपला की एजन्सीचा मुलगा लॅपटॉप उचलून जातो, आणि उरलेल्या कारकुनाला पीथमपूरमध्ये फोन कुणाला लावायचा हेही ठाऊक नसतं. उमेदवारांच्या माहितीचं तर आणखी नाजूक आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा पाया संमती हा आहे, आणि मेळाव्यात नाव लिहून दिलं म्हणजे कर्ज विकणाऱ्यांचे फोन घ्यायला होकार दिला, असं होत नाही.