परदेशात राहताना मुदत संपलेला भारतीय पासपोर्ट: या चुका टाळा

अर्ज भरायला बसण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर पक्के हवे: आज तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात? अमेरिकेचे ग्रीन कार्ड, कॅनडाचे पीआर, ब्रिटनमधला आयएलआर, आखाती देशांतला रेसिडेन्स व्हिसा हे सगळे तिथे राहण्याचे परवाने आहेत. यांपैकी काहीही हाती असले तरी तुम्ही भारतीय नागरिकच आहात आणि मुदत संपलेल्या पासपोर्टच्या जागी नवा घ्यायचा आहे. पण तिथल्या नागरिकत्वाची शपथ झाली असेल, तर भारतीय पासपोर्ट रिन्यू करायचा नसतो, जमा करायचा असतो. या दोन रस्त्यांचे अर्ज, फी, कागद सगळे वेगळे आहे. बहुतेक मोठे घोटाळे चुकीच्या रस्त्याला लागल्यामुळेच होतात.

दोन्ही नागरिकत्वे चालू आहेत असे समजणे

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश नव्या नागरिकाला जुने नागरिकत्व सोडायला लावत नाहीत. शपथविधीच्या दिवशी कोणी भारतीय पासपोर्ट काढून घेत नाही. त्यामुळे आपण आता दोन्हीकडचे नागरिक झालो, असा अनेकांचा प्रामाणिक समज होतो. पण भारताचा कायदा हे मान्य करत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ चे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी कोणी आदेश काढावा लागत नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळालेला असणे हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा धरला जातो.

याच्या पुढची पायरी गंभीर आहे. पासपोर्टच्या अर्जातल्या घोषणापत्रात तुम्ही लिहून देता की मी दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व किंवा प्रवासपत्र घेतलेले नाही. परदेशी नागरिक झाल्यावर त्याखाली सही करणे म्हणजे राष्ट्रीयत्वाची माहिती दडवणे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२(१अ) मध्ये यासाठी १ ते ५ वर्षांची कैद आणि १०,००० ते ५०,००० रुपयांचा दंड सांगितलेला आहे. 'मुदत संपत होती, म्हणून ऑनलाइन भरून टाकला' हे स्पष्टीकरण तिथे चालत नाही.

नागरिकत्व मिळाल्यानंतर कोणी आधीच पासपोर्ट रिन्यू करून घेतला असेल, तर तो आजपासून वापरणे बंद करावे आणि जमा करताना तारखा जशा आहेत तशा सांगाव्यात. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरची तारीख आणि पासपोर्टवरची जारी केल्याची तारीख शेजारी ठेवल्या की सगळे उघड दिसते. तिथे लपवाछपवी करून फक्त त्रास वाढतो.

शपथ आणि नवा पासपोर्ट यांच्यामधल्या काळात प्रवास ठरवणे

भारतीय नागरिकत्व संपते ते परदेशी नागरिकत्व मिळाल्याच्या तारखेला, नवा पासपोर्ट पोस्टाने घरी आल्यावर नाही. शपथ मार्चमध्ये, नवा पासपोर्ट मेमध्ये आणि मधल्या एप्रिलमध्ये जुन्या भारतीय पासपोर्टवर पुण्याला लग्नाला जाऊन येणे, असा बेत अगदी सहज आखला जातो. तो नियमबाह्य प्रवास आहे. पासपोर्ट जमा करताना त्याची नोंद निघते आणि अशा प्रत्येक प्रवासाचा दंड लागू शकतो. शपथविधीच्या आगेमागे भारताचे तिकीट काढूच नये. अडचण आलीच तर परदेशी पासपोर्ट तातडीच्या सेवेतून घ्यावा आणि त्यावर ई-व्हिसा काढावा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो. ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना भारतात ये-जा करण्यासाठी मिळणारे कायमचे कार्ड) हाती येईपर्यंत भारतात जाताच येत नाही, ही समजूत चुकीची आहे.

भारतात उतरताना भारतीय पासपोर्ट आणि परतताना परदेशी, अशी अदलाबदल तर अजिबात करू नये. परत निघताना इमिग्रेशन अधिकारी विचारतो की या पासपोर्टवर भारतात कधी आणि कोणत्या व्हिसावर आलात. उत्तर नसते. मग विमान चुकते आणि एफआरआरओच्या (भारतातल्या परदेशी नागरिकांची नोंदणी पाहणारे सरकारी कार्यालय) एक्झिट परमिटसाठी, म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीसाठी, फेऱ्या सुरू होतात.

पासपोर्टची मुदत संपली म्हणजे जमा करण्याची गरज नाही, असे मानणे

ही फार पसरलेली चूक आहे. मुदत संपलेला असो वा चालू, परदेशी नागरिकत्व घेतल्यावर शेवटचा भारतीय पासपोर्ट वकिलातीत रद्द करून घ्यावा लागतो. त्याबद्दल सरेंडर सर्टिफिकेट मिळते आणि तो कागद नसेल तर ओसीआयचा अर्ज अडतो. १ जून २०१० ही तारीख लक्षात ठेवा. त्याआधी परदेशी नागरिक झालेल्यांसाठी फी कमी असते, त्यानंतरच्यांसाठी नागरिकत्व सोडण्याची जास्त फी. नागरिकत्व मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट ३ वर्षांपेक्षा जास्त काळ तसाच ठेवला तर वेगळा दंडही लागतो. टाळत राहिल्याने काम सोपे होत नाही, महाग होते.

कागद साधारण हे असतात: मूळ भारतीय पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या प्रती, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, परदेशी पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि ऑनलाइन अर्जाची सही केलेली छापील प्रत. पासपोर्ट हरवला असेल तर पोलिसांकडची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि मिळेल ती जुनी झेरॉक्स. पासपोर्टचा क्रमांक आणि जारी केल्याचे ठिकाण शोधायला जुने व्हिसा अर्ज, बँकेचे केवायसी कागद किंवा भारतातल्या घरच्या फायली उपयोगी पडतात.

रद्द होऊन परत आलेली पुस्तिका आणि सरेंडर सर्टिफिकेट दोन्ही जपून ठेवावीत. तुमच्या मुलांच्या ओसीआय अर्जालाही आईवडिलांच्या भारतीय मूळाचा पुरावा म्हणून ती लागतात.

मुलांचे पासपोर्ट इथे हमखास विसरले जातात. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलेले १८ वर्षांखालचे मूल पालकांच्या ताब्यात राहत असेल आणि पालकांपैकी एक नागरिक झाला, तर तेही आपोआप अमेरिकी नागरिक होते. त्याचा भारतीय पासपोर्ट खणात पडून राहतो आणि ते कॉलेजला जायच्या वयात ओसीआय मागायला गेले की पहिला प्रश्न सरेंडर सर्टिफिकेटचा येतो. पालकांच्या अर्जाबरोबरच त्याचाही स्वतंत्र अर्ज करून टाकावा. परदेशातच जन्मलेल्या बाळाचे वेगळे आहे. त्याला भारतीय नागरिक म्हणून नोंदवायचे तर जन्मापासून १ वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. अमेरिकी पासपोर्ट काढून वर भारतीय पासपोर्टही मागायचा, हे बसत नाही.

आता जे अजून भारतीय नागरिक आहेत त्यांच्यासाठी

पासपोर्टची मुदत वाढवून मिळत नाही. नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका मिळते, म्हणून अर्जात 'री-इश्यू' निवडायचे. 'फ्रेश' निवडले की यंत्रणेत तुमचा जुना पासपोर्ट सापडतो आणि अर्ज अडकतो. कारणांमध्ये मुदतीचे दोन पर्याय आहेत: ३ वर्षांच्या आत संपलेली किंवा संपत आलेली, आणि ३ वर्षांहून आधी संपलेली. घाईत पहिल्यावर टिचकी मारून चालत नाही. ३ वर्षे उलटून गेली असतील तर पडताळणी जास्त काटेकोर होते आणि वेळ जास्त जातो, म्हणून तिकिटाची तारीख त्या हिशेबाने धरावी. खरे तर मुदत संपण्याच्या १ वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि तेव्हाच केलेला सर्वांत बरा.

तुम्ही तिथे कायदेशीर राहत आहात याचा चालू पुरावा वकिलात मागते. पासपोर्ट संपला आणि व्हिसाही संपला, अशी दोन्ही बाजूंनी कोंडी झाली की प्रकरण अवघड होते. कधी पूर्ण १० वर्षांऐवजी कमी मुदतीचा पासपोर्ट मिळतो, कधी फक्त इमर्जन्सी सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट भारतात येण्यापुरते, एकाच बाजूच्या प्रवासाचे असते. त्यावर परत जाता येत नाही.

अर्ज कोणत्या वकिलातीकडे करायचा हे राहत्या पत्त्यावरून ठरते, सोयीवरून नाही. हद्दी बदलतात हेही लक्षात ठेवा: २०२३ मध्ये सिएटलची वकिलात सुरू झाल्यावर वॉशिंग्टन, ऑरेगन ही राज्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून तिकडे गेली. जुन्या ओळखीच्या वकिलातीकडे पाठवलेले पाकीट तसेच परत येते.

भारतातला पत्ता हा दुसरा दुखरा मुद्दा. पोलीस पडताळणी त्या पत्त्यावर होते. कुलूपबंद फ्लॅट किंवा विकून टाकलेले घर लिहिले की 'अर्जदार आढळला नाही' असा अहवाल जातो. जिथे कोणी तुम्हाला ओळखते असा पत्ता द्यावा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवावे की पोलीस ठाण्यातून फोन येईल, तो नाकारू नका.

नावांचा घोळ

मराठी माणसांचे सर्वाधिक अर्ज इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर. भारतीय पासपोर्टवर दोनच रकाने असतात: आडनाव आणि दिलेले नाव. आपले मधले नाव, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे, 'दिलेले नाव' या रकान्यात जाते. समजा लग्नाआधीचा पासपोर्ट 'अनघा सुरेश जोशी' या नावाने आहे, लग्नाचा दाखला 'अनघा मिलिंद देशमुख' म्हणतो आणि तिथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसते 'अनघा देशमुख' आहे. कागद तीन, माणसे जणू तीन. नाव बदलायचे असेल तर री-इश्यूच्या अर्जात वैयक्तिक माहितीत बदल असल्याचे सांगून लग्नाचा दाखला जोडावा. बदलायचे नसेल तर अर्ज जुन्या पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तसाच भरावा. लग्नानंतर नाव बदलणे बंधनकारक नाही. अर्धे बदललेले नाव मात्र जन्मभर प्रतिज्ञापत्रे करायला लावते.

परदेशी नागरिकत्वाच्या अर्जात मधले नाव गाळण्याचा मोह टाळावा. ते गाळले की पुढे ओसीआयच्या वेळी भारतीय पासपोर्टवरची आणि नव्या पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करावे लागते.

जुन्या काही पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा असून संपूर्ण नाव एकाच रकान्यात असते. अमेरिकी व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिले नाव माहीत नाही', असे छापले जाते. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिराती एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देत नाही. नवी पुस्तिका घ्यायचीच आहे, तर नावाची फोड त्याच वेळी नीट करून घ्या.

जन्मस्थळही जुन्या पासपोर्टवर जसे आहे तसेच ठेवावे. तिथे 'बॉम्बे' असेल तर हौसेने 'मुंबई' करून छाननी ओढवून घेण्यात काही लाभ नाही.

फोटो, सही, प्रती

१ सप्टेंबर २०२५ पासून पासपोर्टचा फोटो आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) मापदंडाप्रमाणे हवा: पांढरी पार्श्वभूमी, चेहऱ्याने ८० ते ८५ टक्के जागा व्यापलेली, चेहरा सरळ, डोळे उघडे, चष्मा काढलेला. ओसीआयचे फोटोचे निकष वेगळे आहेत, त्यामुळे एकच फाइल दोन्हीकडे चढवू नका. सही चौकटीच्या आत हवी. लहान मुलांच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात आणि एक पालक भारतात असेल तर त्याचे संमतीपत्र आधी मागवून ठेवावे लागते.

नवा पासपोर्ट हातात आल्यावरची चूक

लोक इथे थांबतात. जुन्या पुस्तिकेत चालू व्हिसा असेल तर दोन्ही पुस्तिका बरोबर घेऊन प्रवास करायचा असतो. ब्रिटनमध्ये ई-व्हिसा खात्यात नवा क्रमांक स्वतः नोंदवावा लागतो, नाहीतर विमानतळावर चेक-इन अडते. अमेरिकेत तर पासपोर्टची मुदत थेट वास्तव्याला भिडते: एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी २ वर्षांची असली, पण पासपोर्ट ८ महिन्यांत संपणार असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची (देशात कधीपर्यंत राहता येईल याची प्रवेशाच्या वेळची नोंद) मुदत पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. नंतर नवा पासपोर्ट आला तरी ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. प्रत्येक प्रवेशानंतर आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख पाहावी.

ओसीआयधारकांचे कार्ड कायमचे असले तरी परदेशी पासपोर्ट बदलला की काम निघते. २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे वयाच्या २० वर्षांपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो, आणि ५० पूर्ण झाल्यावर एकदा, पोर्टलवर चढवायचे असतात. त्यासाठी नवा पासपोर्ट मिळाल्यापासून ३ महिने असतात. ज्यांनी २० वर्षांचे होण्याआधी ओसीआय घेतले, त्यांना २० नंतरच्या पहिल्या पासपोर्टवर नवे कार्डही काढून घ्यावे लागते.