जीमेलमधील नकोशा मेलचा बंदोबस्त

नकोसा मेल नुसता डिलीट न करता ‘रिपोर्ट स्पॅम’ करावा, कारण त्यामुळे जीमेलला पुढचे तसे मेल ओळखता येतात. ‘अनसबस्क्राइब’ ओळखीच्या कंपन्यांपुरतेच वापरावे. अनोळखी मेलमधील लिंक दाबल्यास आपला पत्ता चालू असल्याचे पाठवणाऱ्याला कळू शकते.

सर्वांत उपयोगी, तरीही दुर्लक्षित उपाय म्हणजे कुठेही नोंदणी करताना पत्त्यातील ‘अ‍ॅट’ चिन्हाच्या आधी अधिकचे (+) चिन्ह आणि त्या दुकानाचे नाव जोडणे. मेल नेहमीच्याच इनबॉक्समध्ये येतो, परंतु पत्ता कोणाकडून बाहेर गेला हे समजते आणि तेवढ्यापुरता फिल्टर (मेल आपोआप वेगळे करणारा नियम) लावता येतो. (काही संकेतस्थळे हे चिन्ह स्वीकारत नाहीत, हा त्यांचा हट्ट.)

स्पॅम फोल्डरमधील मेल ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात, म्हणून आठवड्यातून एकदा तो चाळावा.