फॉस्टरकडून गावठी पिल्लू आणताय? पहिल्या पंधरा दिवसांतल्या या चुका टाळा

फॉस्टरच्या, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लू सांभाळणाऱ्याच्या, घरी बाकीच्या कुत्र्यांबरोबर दंगा घालणारं पाच-सहा महिन्यांचं पिल्लू तुमच्याकडे येतं आणि सोफ्यामागे जाऊन बसतं. खात नाही, भुंकत नाही, कुणी उचललं तरी हूं की चूं करत नाही. घरातले कौतुकाने म्हणतात, "किती शहाणं आहे!" पण ते शहाणपण नसतं. भीतीने ते जागच्या जागी गोठलेलं असतं. दहा-बारा दिवसांनी तेच पिल्लू चपला फाडायला आणि दारावर भुंकायला लागलं की "बिघडलं" म्हणतात. तेही खरं नाही. भीती ओसरलेली असते आणि त्याचा मूळ स्वभाव आत्ता कुठे दिसायला लागलेला असतो. ढोबळ हिशेब असा धरा: घाबरणं कमी व्हायला 3 दिवस, घराची शिस्त कळायला 3 आठवडे, घर आपलं वाटायला 3 महिने. बुजऱ्या पिल्लाला याहून जास्त वेळ लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: पट्टा निसटणं

गावठी कुत्र्याची मान जाड आणि डोकं निमुळतं असतं. स्कूटरचा हॉर्न वाजला की ते पुढे पळत नाही. आधी मागे सरतं, मान खाली घालतं आणि पट्टा कानांवरून सुळकन निघून येतो. हे सगळं दोन सेकंदांत होतं. म्हणून घरातच तपासून घ्या. पिल्लाच्या समोर उभं राहून पट्टा हळूच स्वतःकडे ओढा. कानापर्यंत सरकला तर तो सैल आहे. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत, तीन नकोत. पहिला महिना गळपट्टा आणि हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घाला आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी लावा. हार्नेस छातीबरोबरच बरगड्यांच्या मागे, पोटावरही आवळता येणारा मिळाला तर उत्तम; त्यातून मागे सरून निघणं अवघड जातं. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्याच दिवशी हवा.

पिल्लू निसटायच्या नेहमीच्या जागा तीन: गाडीचं दार, लिफ्ट आणि घराचं दार. गाडीचं दार उघडण्याआधी दोरी मनगटात अडकवा. घरी कुरिअरवाला आला की आधी पिल्लाला आतल्या खोलीत घ्या, मगच दार उघडा. बाल्कनीच्या गजांतून त्याचं डोकं जात असेल तर जाळी बसवून घ्या.

तरीही निसटलंच, तर मागे धावू नका आणि दहा माणसं गोळा करून हाका मारू नका. त्याने ते आणखी लांब जातं. पहिला फोन फॉस्टरला करा. त्याला ओळखीचा आवाज अजून त्यांचाच आहे. जिथून पळालं तिथे तुमचा न धुतलेला टी-शर्ट आणि वासाचं खाणं ठेवा. दिवसा ते बहुधा पार्किंगमधल्या गाड्यांखाली किंवा झुडपांत दडून बसतं. रात्री रस्ते शांत झाले की बाहेर पडतं, तेव्हा शोधा. दिसलं तर तोंड बाजूला वळवून जमिनीवर बसा आणि त्याला जवळ येऊ द्या.

आल्या आल्या दूध, आंघोळ आणि पाहुणे

दुधाने बऱ्याच पिल्लांना पातळ शी होते. खाणं एकदम बदललं तरी तेच होतं. फॉस्टरकडून निघताना चार-पाच दिवसांचं तेच खाणं मागून घ्या. मग पाऊण भाग जुनं नि पाव भाग नवं, नंतर निम्मं-निम्मं, असं आठवड्याभरात बदला. पहिल्या दिवशी जेवलं नाही तर गोंजारत भरवू नका. वाटी ठेवून बाजूला व्हा. पाणी मात्र प्यायलंच पाहिजे. शिजवलेली हाडं, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कटाक्षाने टाळा. आपलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.

आंघोळ दोन आठवडे पुढे ढकला. फॉस्टरच्या घरातली चादर तशीच, न धुता अंथरा. पाहुणे पुढच्या रविवारनंतर.

घरात शू केली म्हणून ओरडणं

याने ते घरात शू करायचं थांबत नाही. तुमच्यासमोर करायचं थांबतं आणि पलंगाखाली जाऊन करतं. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. म्हणजे 4 महिन्यांचं पिल्लू 5 तास, तेही झोपेत. दिवसभरात झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवणानंतर 10-15 मिनिटांत बाहेर न्या. शू केल्याबरोबर तिथेच बक्षीस म्हणून खाऊ द्या, घरी परतल्यावर नाही. फरशी एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. फिनाइलने आपल्याला वास येत नाही, पण त्याच्या नाकाला जागा सापडतेच.

लसीची वही न बघणं

"सगळ्या लसी झाल्यात" एवढ्यावर समाधान मानू नका. वहीत तारीख, लसीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही बघा. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या लसीचे डोस 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात. ते दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण 3 महिन्यांची. डोस अपुरे असतील तर बागेत, जिथे दहा कुत्री येऊन जातात तिथे, नेऊ नका. तुमच्या घरात आधीचं पिल्लू पार्वोने गेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. शी-उलटी धुऊन काढल्यावर फरशीला एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून 10 मिनिटं ठेवावं लागतं.

दुसरं लक्ष गोचिडांवर. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली रोज बोट फिरवा. पिल्लू मलूल झालं, ताप आला, खाणं सोडलं, हिरड्या गुलाबीच्या पांढुरक्या झाल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि प्लेटलेट मोजून घ्या. गोचीड-ताप वेळेत कळला तर औषधाला चांगली दाद देतो. "नवीन जागा आहे, म्हणून सुस्त असेल" म्हणत चार दिवस घालवणं जिवावर बेतू शकतं.

पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जाऊन दाखवा. "आपलंच आहे" म्हणून सोडू नका.

एकदम आठ तास एकटं ठेवणं

फॉस्टरकडे सोबत होती, इथे कुणीच नाही. सुट्टी घेऊन चार दिवस चोवीस तास जवळ बसायचं आणि पाचव्या दिवशी ऑफिसला निघून जायचं, हे पिल्लाला झेपत नाही. दुसऱ्या दिवसापासूनच सुरुवात करा: दाराबाहेर 30 सेकंद, मग 2 मिनिटं, 5, 15. रडायला लागलं तर वेळ फार लवकर वाढवली, असं समजून आधीच्या टप्प्यावर या.

काहीही अडलं तर फॉस्टरला आठवड्याच्या आत सांगा. हे पिल्लू झाडूला का घाबरतं, कुठल्या बाजूने हात नेलेला चालतो, हे त्यांना माहीत असतं. आणि अगदीच जमत नसेल तर पिल्लू त्यांच्याकडेच परत द्या. परस्पर कुणाला देऊ नका, सोसायटीच्या गेटबाहेर तर नाहीच.