सूसाचे अवशेष कसे पाहावेत

इराणच्या खुझेस्तान प्रांतात शूश गावाला लागून सूसा या प्राचीन नगराची टेकाडे आहेत. पर्सेपोलिस ही प्राचीन पर्शियन राजधानी पाहून येथे येणाऱ्याचा बहुधा हिरमोड होतो, कारण उभे खांब जवळजवळ नाहीतच. म्हणून इमारतींपेक्षा थर आणि वस्तूंचा प्रवास यांच्या अंगाने हे नगर पाहावे. त्यासाठी हिवाळ्यातील सकाळ निवडावी. उन्हाळ्यात तेथील ऊन सोसवत नाही.

आरंभ नैर्ऋत्येकडील अक्रोपोल नावाच्या उंच टेकाडापासून करावा. येथील वस्ती इ.स.पू. ४२०० च्या सुमारापासूनची असून आपल्याकडील पांढरीच्या टेकाडांप्रमाणे हा उंचवटाही पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतून वाढला आहे. १८९७ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाक द मॉर्गन यांनी पाच-पाच मीटरांचे कृत्रिम थर कल्पून तो खणला, आणि त्या घाईत कच्च्या विटांच्या कितीतरी भिंती ओळखल्याविनाच निघून गेल्या. शेजारचा किल्ला प्राचीन समजू नये. तो त्यांनीच उत्खनन पथकाच्या निवासासाठी बांधला. मात्र त्यात अवशेषांतल्याच विटा वापरल्या असल्याने भिंती जवळून निरखाव्यात, कारण काही विटांवर कीलाकार (खिळ्याच्या आकाराची प्राचीन) अक्षरे आहेत आणि ती तिरप्या उन्हात अधिक स्पष्ट दिसतात.

येथे सापडलेली प्रत्येक वस्तू येथेच घडली, असे गृहीत धरू नये. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा स्तंभ आणि अक्कदचा राजा नरामसिन याचा विजयपट (विजयाचे चित्र कोरलेली शिळा) अक्रोपोलवर मिळाले खरे, पण ते मुळात मेसोपोटेमियातले असून इ.स.पू. बाराव्या शतकात सूसा ज्यात होते त्या एलाम राज्याच्या राजांनी लूट म्हणून आणले. विजयपटावर तर एलामी राजा शुत्रुक-नहुन्ते याने स्वतःचा लेखही कोरून घेतला. दोन्ही आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

त्यानंतर उत्तरेकडील अपादानावर जावे. पर्शियन सम्राट पहिला दार्युश याच्या या राजवाड्यातील मुख्य दालनाला ३६ खांब होते. आता त्यांची बैठक शोधावी लागते. तेथे दार्युशचा बांधकाम-लेख आधी वाचून गेल्यास रिकाम्या जागेला अर्थ येतो: देवदार लेबनॉनचा, विटांचे काम बाबिलोनी कारागिरांचे, तर हस्तिदंत कुश (आजच्या सुदानचा भाग), अराखोसिया (आजच्या अफगाणिस्तानचा भाग) आणि हिंद येथून आणलेला.

पूर्वेकडील दरवाजापाशी १९७२ मध्ये दार्युशचा शिरविहीन पुतळा मिळाला. पोशाख पर्शियन, घडण इजिप्तची आणि लेख इजिप्शियन चित्रलिपीसह चार भाषांतले. तो तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात असल्याने परतीच्या वाटेवर अवश्य पाहावा.