काचेआडचा धर्मग्रंथ श्रद्धेने कसा पाहावा

जे पान पाहायला जायचं, ते त्या दिवशी खरोखर मांडलेलं आहे का, हे निघण्याआधी संग्रहालयाला विचारा. प्रकाशाने रंग उडतात, कागद-चामडं ठिसूळ होतं आणि ही झीज भरून येत नाही. म्हणून पानं काही महिन्यांनी अंधारात परत ठेवतात आणि त्यांच्या जागी दुसरं पान किंवा प्रतिकृती येते. जेरुसलेमच्या संग्रहालयात यशयाची (बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची) ७.३४ मीटर लांब गुंडाळी पाहायला लोक दुरून येतात. दालनाच्या मधोमध मांडलेली असते ती तिची प्रतिकृती. हे आधी ठाऊक असलं की मन खट्टू होत नाही.

ग्रंथ कुठे उघडलेला आहे, हेही विचारा. तेवढा भाग आदल्या रात्री आपल्या भाषेत वाचा आणि छोटी प्रत बरोबर न्या. लिपी येत नसली तरी समोर कोणते शब्द आहेत हे माहीत असलं की पाहण्याचं वाचन होतं.

दालनात उजेड साधारण ५० लक्स, म्हणजे फारच मंद असतो. आत शिरल्यावर पाच-दहा मिनिटं नुसते थांबा, डोळे सरावू द्या. गडद कपडे घाला. पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि बारीक अक्षर हरवतं. साधं भिंग काचेबाहेरून उपयोगी पडत नाही, जवळचं दाखवणारी छोटी दुर्बीण पडते. फ्लॅश आणि मोबाइलची बॅटरी बंद ठेवा. टिपणासाठी पेन्सिल न्या, शाईचं पेन बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

नमस्कार जरूर करा, पण काचेला कपाळ किंवा हात न लावता. त्वचेचं तेल काचेवर राहतं, काही पेट्यांचा धोक्याचा गजरही वाजतो. प्रार्थना करायची असेल तर आधी पान पाहून घ्या आणि मग दोन पावलं बाजूला होऊन मनातल्या मनात करा, म्हणजे मागच्यालाही दर्शन होतं. सगळ्या पेट्या पाहण्याचा हट्ट नको. तीन निवडा आणि प्रत्येकीसमोर पंधरा मिनिटं द्या.

आता मुख्य गोष्ट, जिच्यापाशी अनेकजण अडखळतात: पानावरच्या दुरुस्त्या आणि पाठभेद. देवनागरी पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ दिसेल (‘हरताळ फासणं’ इथूनच आलं), सुटलेला शब्द काकपदाची (कावळ्याच्या पायासारखी) खूण करून समासात लिहिलेला दिसेल. चौथ्या शतकातल्या सिनाई ग्रंथात (बायबलच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितात) हजारो दुरुस्त्या आहेत आणि त्यातलं मार्काचं शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनापाशीच संपतं, नेहमीच्या छापील बायबलात ते २०व्या वचनापर्यंत जातं. तयारी नसेल तर अशा जागी धक्का बसतो. पण दुरुस्ती म्हणजे कुणीतरी पुन्हा बसून अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याची खूण. यशयाची ती गुंडाळी हिब्रू शास्त्राच्या सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे. तिच्यातले बहुतेक फरक शुद्धलेखनाचे आणि किरकोळ आहेत. वेगळा पाठ दिसला तर तो टिपून घ्या आणि जाणत्या माणसाला विचारा. काचेसमोर उभ्या उभ्या निवाडा करू नका.

माहितीफलकही सावकाश वाचा. छापील पाठात चौकोनी कंसातला मजकूर म्हणजे मूळ तुकड्यावर नसलेला, अभ्यासकांनी भरलेला भाग. कार्बन चाचणीतून काळ कळतो तो चामड्याचा, शाईचा नव्हे. बर्मिंगहॅमच्या कुराणाच्या पानांसाठी इ.स. ५६८ ते ६४५ हा काळ ९५.४ टक्के संभाव्यतेने निघाला, तो त्या कातड्याचा.

शेवटचं पान मांडलेलं असेल तर पुष्पिका, म्हणजे लेखनिकाने शेवटी लिहिलेली नोंद, शोधा. पाठ, कंबर, मान मोडून लिहिलेली ही पोथी जपा, अशी लेखनिकाची विनवणी कितीतरी संस्कृत पोथ्यांच्या शेवटी भेटते. तिथे थोडं जास्त थांबा.

निघताना फलकावरचा नोंद क्रमांक उतरवून घ्या. सिनाई ग्रंथ २००९पासून आणि यशयाची गुंडाळी २०११पासून इंटरनेटवर खुली आहे. इतरही बरीच हस्तलिखितं या क्रमांकावरून सापडतात. त्याच संध्याकाळी तेच पान मोठं करून पाहा, गर्दीत निसटलेली ओळ तिथे सापडते.