डॅशबोर्डवरचा टायमर थांबून काऊन नाही राहिला?

आपल्याकडची पोट्टी वेब डेव्हलपमेंट शिकायला लागली की पहिला प्रोजेक्ट बहुतेक डॅशबोर्डचाच करतात, कापसाचे नाहीतर संत्र्याचे भाव दाखवणारा. मी हिंगणघाटकडच्या खेड्यातून घरूनच हे काम करतो, गावातली दोन-तीन पोट्टी माझ्याकडे शिकायला येतात आणि अडतात ती हमखास एकाच जागी. दर पाच सेकंदांनी भाव रिफ्रेश व्हावे म्हणून सेटइंटरव्हल, म्हणजे ठरलेल्या वेळाने तेच काम परत परत करणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, लावतात, ते लगेच चालते, पण स्टॉप दाबलं तरी चालूच राहते, मग विचारतात, भाऊ हे थांबून काऊन नाही राहिलं?

तर पहिले हे पाहा, सेटइंटरव्हल एक आयडी परत देते, ब्राउझरमध्ये तो साधा आकडा असतो. टायमर थांबवणाऱ्या क्लिअरइंटरव्हलला तोच द्यावा लागतो, फंक्शनचं नाव देऊन भागत नाही. आणि आयडी चुकला तर एररही येत नाही बाप्पा, कन्सोल कोरा, म्हणून शोधायलाच वेळ जातो.

दुसरं म्हणजे स्टार्ट दोनदा दाबलं की टायमर दोन होतात, आणि व्हेरिएबलमध्ये आयडी राहतो फक्त नव्याचा. विहिरीवर मोटरी दोन चालू अन् स्टार्टर सापडते एकीचंच. म्हणून नवा लावायच्या आधी जुना क्लिअर करायचा, ही सवयच लावून घ्या.

रिअ‍ॅक्ट (पेजचे भाग बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरत असाल तर आयडी कंपोनंटच्या, म्हणजे पेजच्या एका भागाच्या, आत साध्या लेट व्हेरिएबलमध्ये ठेवू नका, दर रेंडरला, म्हणजे तो भाग परत काढताना, ते व्हेरिएबल नव्याने बनते. यूजरेफमध्ये ठेवा, तिथे तो रेंडरनंतरही टिकते, नाहीतर यूजइफेक्टमध्येच (कंपोनंट स्क्रीनवर आला की चालणारा कोड) टायमर लावा आणि क्लिअर करणारं फंक्शन तिथूनच रिटर्न करा, कारण कंपोनंट स्क्रीनवरून गेला म्हणून टायमर काही आपोआप जात नाही. रिअ‍ॅक्ट 18 पासून स्ट्रिक्ट मोड (चुका लवकर दिसाव्या म्हणून असलेली तपासणी) डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट लावते, काढते, परत लावते. तिथे टायमर डबल दिसला की बरेच जण स्ट्रिक्ट मोडच काढून टाकतात, तसं करू नका, ते तुमचं राहिलेलं क्लीनअपच दाखवून राहिलं आहे. खात्री करायची तर ब्राउझरच्या डेव्हटूल्सचा नेटवर्क टॅब उघडा आणि एक मिनिट मोजा, पाच सेकंदांच्या टायमरला 12 रिक्वेस्ट जायला पाहिजे, 24 जात असतील तर टायमर दोन आहेत.

आता खरी गोम. पावसाळ्यात आमच्याकडे नेटवर्क एका कांडीवर येते, उत्तराला आठ सेकंद लागतात, आणि सेटइंटरव्हल त्याची वाट पाहत नाही, पाच सेकंद झाले की पुढची रिक्वेस्ट सोडते, मग जुना भाव नव्याच्या नंतर येऊन बसतो. त्यापेक्षा उत्तर आल्यावर पुढचा सेटटाइमआउट, म्हणजे एकदाच चालणारा टायमर, लावणं मला बरं वाटते. पण त्यात एक फट आहे, रिक्वेस्ट वाटेत असताना स्टॉप दाबलं तर क्लिअरटाइमआउटला क्लिअर करायला काही नसतेच, अन् उत्तर आलं की गाडी परत सुरू. म्हणून स्टॉपमध्ये अ‍ॅबॉर्टकंट्रोलरने रिक्वेस्टही तोडा, एक फ्लॅग (चालू-बंद सांगणारं व्हेरिएबल) खाली करा आणि पुढचा टायमर लावायच्या आधी तो फ्लॅग तपासा.

आणि टॅब मागे गेला की क्रोम स्वतःच टायमर हळू करते, बराच वेळ मागे राहिला तर पार मिनिटाला एकदा. त्याच्या भरवशावर राहू नका, टॅब मागे-पुढे झाल्याचं कळवणाऱ्या व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंटवर आपणच टायमर थांबवा, टॅब समोर आला की आधी ताजा भाव आणा आणि मग टायमर लावा, डेटा पॅकही वाचते.